बयनामावशीनं चाळिशीत नाक टोचलं

लहानपणी बयनामावशी नाक टोचणाऱ्या सोनाराच्या बोटाला कडकडून चावली होती, म्हणून तिचं नाक कोरंच राहिलं. तामसीला सासरी तिनं सगळ्या घराला धाकात ठेवलं. पण सासूची सोन्याची नथ काही तिला घालता आली नाही. आणि त्या घरची रीत अशी, की लेकीच्या लग्नात विहिणीचे पाय धुताना नाकात तीच नथ हवी. नवरीच्या आईला घालता येत नसेल, तर मान धाकट्या सुनेचा.

म्हणून अठ्ठ्याऐंशी साली लेकीचं, रेणुकाचं, लग्न ठरताच मावशी डोमाजी सोनारापुढं मुकाट्यानं बसली. त्यांनी नाक टोचून बारीक सोन्याची तार घातली.

"जखम भरल्याबिगर दुसरं काही घालू नका," त्यांनी बजावलं. "गिलिटाचं त मुळीच नाही."

पण उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, तशी आमची मावशी. बाजारातून लाल खड्याची गिलिटाची फुली आणली, तार काढून ती घातली आणि धाकट्या जावेपुढं, देवकाबाईपुढं, दिवसभर मिरवली. चार दिवसांत नाक वांग्यासारखं सुजलं. डोमाजींनी फुली काढून फेकली आणि भोक बुजू नये म्हणून कडुनिंबाची काडी घातली.

"आता नथ घातली त नाक फाटंन," ते म्हणाले. लग्न तोंडावर आलं होतं.

लग्नाच्या सकाळी मावशी नथ हातात घेऊन किती तरी वेळ बसली. कुणापुढं न रडणारी बाई, पण डोळे भरले होते. मग तिनं हाक मारली, "देवका, इकडं ये." आणि स्वतःच्या हातानं तिच्या नाकात नथ घातली. मला तर जावांचं हे नवलच वाटलं. एरवी दोघींचं विळ्याभोपळ्याचं सख्य.

विहीण जयवंताबाई पाटावर बसल्या. देवकाबाईनं तांब्या उचलला आणि मावशीला दंडाला धरून पुढं ओढलं.

"नथ माह्या नाकात हाय, तेवढी रीत बस झाली. मी पाणी टाकतो, पाय तुमी धुवा, बाई. लेक तुमची हाय."

मावशीनं पाय धुतले. धुता धुता रडली आणि हसलीही.

मावशीच्या नाकातली काडी आणि देवकाबाईची नथ पाहून जयवंताबाईंनी विचारलं, "हे काऊन असं?"

"आमच्या घरी या नथीले दोघी लागतात," मावशी म्हणाली.