तिला विचारलं होतं

सुनेने आज उकड्या तांदळाची पेज केली, आणि त्या वासाने मला बोरिवलीचं ते हॉस्पिटल आठवलं.

डॉक्टरीण बाई म्हणाली, "काका, मशीन लावून काकू बऱ्या होणार नाहीत. घरी न्या, दुखणार नाही एवढं आम्ही बघू." मग वाकून तिने माझ्या बायकोलाच विचारलं, "काकू, तुम्हाला काय हवंय?"

"माका घराक व्हरा. वायच पेज खातंय."

मी उखडलो. "गप गं! गावात भावकी म्हणेल, खर्चाला भिऊन बायको मारली. डॉक्टर, लावा मशीन!"

घशात नळी गेली, ती पुन्हा बोललीच नाही. बाराव्याला भावकी म्हणाली, "तू काय कमी केलं नाहीस हां." ते ऐकून मी छाती फुगवून बसलो होतो, ह्याचीच आज जास्त लाज वाटते.