उजीमावशी

उजीमावशी बरणीला कान लावायची. झाकण उघडण्याआधी डोळे मिटून ऐकायची आणि म्हणायची, "अभी बोलता नहीं. कल." आत नाचणीचं पीठ पाण्यात आंबत असायचं. बुडबुडे फुटू लागले की ते शिजवून, साखर घालून ती पातळसर प्यायची. तिच्या केनियात त्याला उजी म्हणतात, म्हणून आम्ही तिला हे नाव दिलं.

शारजाच्या रोला भागातल्या आमच्या इमारतीत ती वरच्या काकूंकडे घरकामाला होती. काकू आपल्याच, साताऱ्याकडच्या. मावशीचा व्हिसा काकांच्या नावावर, पासपोर्ट काकूंच्या कपाटात. याला नोकरी म्हणतात, असं मला सांगितलं जायचं. शारजात दारू सापडली की आधी तुरुंग, मग कायमची रवानगी. तिकडे किसुमूत तिच्या दोन मुली तिच्या पगारावर शिकत होत्या. म्हणून लिफ्ट थांबली की मावशी बरणीवर फडकं टाकायची.

"यात दारू नाहीच, तर घाबरतेस कशाला?" मी एकदा विचारलं.

"तुमको मालूम. पुलिस को कौन बोलेगा?"

एका शुक्रवारी काकू बाहेरून लवकर परतल्या आणि त्यांना आंबूस वास आला. जिन्यातूनच त्यांनी आईला हाक मारली, "वहिनी, वर या. ही घरात दारू गाळतेय."

आम्ही पोचलो तेव्हा फोन त्यांच्या हातात होता. मावशी ओट्याला टेकून उभी होती. "नो अल्कोहोल, मॅडम," एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत होती.

आईनं वाद घातला नाही. काकूंच्याच गॅसवर ते पीठ शिजवलं, मीठ-ताक घातलं, एक वाटी स्वतः प्यायली, दुसरी काकूंपुढे धरली. "घ्या. माहेरी उन्हाळाभर हेच प्यायलात ना? आंबील आहे."

काकूंनी घोट घेतला. चव ओळखल्याचं चेहऱ्यावर स्पष्ट दिसलं. फोन खाली ठेवला. "आपली आंबील वेगळी हो. ही लोकं कशात काय घालतील, सांगता येतं?"

"काकू, ती गोरी असती तर विचारलं असतंत हे?" मी म्हणाले.

"खलास, बस झालं. वहिनी, पोरीला आवरा."

पोलीस आले नाहीत, नोकरी टिकली. निर्दोष सुटलेल्या मावशीनं त्याच संध्याकाळी बरणी घासूनपुसून आमच्याकडे आणून दिली. करार संपून मायदेशी जाईपर्यंत तिनं उजी केली नाही. आई अनेकदा म्हणायची, "आमच्या घरी आंबव गं, इथे कोण येतंय?"

"चाय दो, भाभी," मावशी म्हणायची. "चाय को कोई सूंघता नहीं."