हौशानं नेलेली वाट

माझ्या आत्याच्या नवऱ्यासाठी सगळ्यात मोठा आक्रोश ज्या गावात झाला, त्या गावात त्या माणसानं जन्मात पाऊल ठेवलं नव्हतं.

मुक्ताआत्याला नांदूरघाटला दिलेली. तिचा नवरा, आमचे मामा, तापाचं निमित्त होऊन गेले. घरात मूलबाळ नव्हतं. दिवसपाणी उरकलं, तसं तिला कायमचं माहेरी, सिरसाळ्याला आणायचं ठरलं. आणायला माझा चुलता नाना आणि मी असे दोघं बैलगाडी घेऊन गेलो. निजामाच्या राज्यात पक्की सडक अंमलदारांच्या मोटारीसाठी होती. आमच्यासाठी सडक म्हणजे पुढच्या गाडीनं पाडलेली चाकोरी. (पुढची गाडी चुकली की मागचं सगळं गाव चुकायचं.)

आत्या गाडीत बसली ती मुकी. मामा गेल्यापासून ती रडली नव्हती. भाकरी पुढं ठेवली तर बघत बसायची. निघताना तिची शेजारीण नानाला बाजूला घेऊन म्हणाली, "रडल्याबिगर ही बाई जगायची न्हाई, दादा. वाटंनं कसंबी करून रडवा."

नानानं मला बाजूला घेतलं. "बापू, तू बोलण्यात हुशार हायेस. तू रडव."

मी तोवर बऱ्याच जणांना रडवलं होतं, पण मुद्दाम ठरवून कधी नाही. केजकडचा खडकाळ माळ लागला तसा मी आवाज जड करून मामांचा विषय काढला. मामा किती गरीब स्वभावाचे, मामांनी मला लहानपणी खांद्यावर कसं घेतलं, शेवटच्या दिवाळीला त्यांनी मला लाडू कसा दिला. आत्या माळावरच्या बाभळी बघत होती. मी आणखी पुढं गेलो. गावात कोण कोण मेलं, कसं कसं मेलं, सगळं सांगितलं. धारूर यायच्या आत नाना हुंदके देऊन रडायला लागला.

"बस कर बे," तो उपरण्यानं डोळे पुसत म्हणाला. "मलाच कढ येतोय."

आत्या कोरडीच.

धारूरला मुक्काम करून सकाळी घाट उतरलो. खाली आलं की जग बदलतं. डोंगर मागं राहतो आणि पुढं सपाट काळं रान, ज्वारी काढलेली, नुसती धसकटं. झाड दिसलं तर ते तासभर तिथंच दिसत राहतं. उदास माणसानं त्या रानातून जाऊ नये, आणि आमच्या गाडीत तर तिघंही उदास. नाना कालच्या रडण्यानं दमला होता, तो झोपला. कासरा माझ्या हातात आला.

आणि बैल पळायला लागले. दोन बैलांतला हौशा आम्ही नुकताच सिरसाळ्याच्या बाजारातून आणलेला. कालपर्यंत तो वरातीतल्या घोड्यासारखा पावलं मोजत चालायचा. आता मान ताठ, शेपूट वर. मला वाटलं, आपला हात लागला की जनावर कसं शहाण्यासारखं वागतं. चाकोरीला फाटा फुटला, तिथं हौशा डावीकडं वळला. मीही डावीकडंच वळणार होतो, असं मी ठरवून टाकलं.

ऊन कलताना गाव आलं. गाडी वेशीतून शिरली, एका गोठ्यापुढं गेली आणि थांबली.

नाना उठून बसला. "हे सिरसाळा न्हाई."

"न्हाई," मी म्हणालो.

"मग कावून आलो इथं?"

तेवढ्यात गोठ्यातून एक म्हातारी बाहेर आली. तिनं हौशाला बघितलं आणि त्याच्या गळ्यात पडून जो हंबरडा फोडला, तो शिवेपर्यंत गेला असेल. "आलास रं माझ्या लेकरा."

गाव धावत आलं. गाडीत बिनकुंकवाची आत्या बघून बाया पदर तोंडाला लावायला लागल्या.

"कोण गेलं?" एकानं मला विचारलं.

"बैल आला," मी म्हणालो. त्यानं माझ्याकडं फार वाईट नजरेनं बघितलं.

म्हातारीचं नाव धोंडाबाई. हौशाला तिनं वासरापासून वाढवला होता. "ह्याचा जोडीदार मेला गं बाई," ती आत्याकडं वळून म्हणाली. "जोड फुटली. एकट्याचं काय करायचं म्हणून म्हाताऱ्यानं बाजारात नेला. एकट्याचं काय करायचं, असं म्हणत्यात गं."

आत्या हळूच गाडीतून उतरली. हौशाच्या पाठीवर हात ठेवला. आणि मग तिला जो कढ आला, त्यानं मी दोन पावलं मागं सरलो. दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून रडल्या, एक बैलासाठी, एक नवऱ्यासाठी. त्यांचं बघून सगळ्या बाया रडल्या. बाप्ये टोप्या काढून उभे राहिले. मामांना त्या गावात कुणी ओळखत नव्हतं, पण एवढ्या मानानं त्यांचा शोक नांदूरघाटलाही झाला नव्हता. नाना परत रडला, ते वेगळंच.

धोंडाबाईनं आम्हाला जेवल्याबिगर सोडलं नाही. आत्यानं भाकरी खाल्ली. पिठलं मागून घेतलं.

सकाळी हौशा जागचा हलेना. शेवटी धोंडाबाईचा म्हातारा सिरसाळ्यापर्यंत आमच्या गाडीपुढं चालत आला, आणि त्याच्या मागं हौशा. कासरा माझ्या हातात होता, पण तो नुसता शोभेला.

अर्ध्या वाटेत आत्या आपणहून बोलली. "बापू, धारूर येस्तवर तू एवढा गळा काढून बोलत होतास, ते मला रडवायला व्हय रं?"

मी मान हलवली.

"मला वाटलं, तुझं पोट दुखतंय." तिनं कनवटीची पुरचुंडी सोडली. "म्हणून धोंडाबाईकडनं ओवा मागून घेतला. धर."

मी ओवा खाल्ला. काय करणार, खरोखरच दुखायला लागलं होतं.