राखाडी झग्याचा दुसरा धनी

माझे धाकटे दीर चाव्या करतात. दुकान म्हणजे आमच्याच इमारतीच्या जिन्याखालची जागा. आत एक माणूस उभा राहिला की दुसऱ्याने बाहेरूनच बोलायचे. भिंतीवर खिळ्यांना कोऱ्या चाव्यांचे झुबके, फळीला शिकंजा, चावी कातायचे मशीन, लहानमोठ्या कानशी आणि सगळ्यावर पितळेचा बारीक भुसा. तो भुसा भावजींच्या भुवयांवर बसतो, शर्टाच्या शिवणींत शिरतो आणि धुण्याच्या बादलीत तळाशी चमकत राहतो. लग्न त्यांनी केले नाही. आमच्या घरातली पुढची खोली त्यांची. पंचेचाळिशी उलटली तरी "वहिनी, भाजीत मीठ कमी आहे" एवढे सांगायला दोनदा घसा खाकरणार.

गल्लीतल्या निम्म्या घरांची कुलपे त्यांना आतून माहीत, पण कोणाच्या चावीची जादा नक्कल त्यांनी कधी ठेवली नाही. कातताना बिघडलेली चावीसुद्धा तिथल्या तिथे हातोडीने चपटी करतात. एकदा एक चांगल्या कपड्यांतला गृहस्थ साबणाच्या वडीवर उमटवलेला ठसा घेऊन आला. भावजींनी वडी हातात घेतली, वास घेतला आणि म्हणाले, "साबण छान आहे. आंघोळ करा." आणि वडी परत केली. मी जिन्यात उभी होते. हसता हसता माझ्या हातातला डबा पडायचा बाकी राहिला.

अशा माणसाबद्दल हे लिहिताना हात जड होतो आहे.

बऱ्याच वर्षांपूर्वी त्यांचे मनगट मोडले. हात गळ्यात बांधून घरी बसायची वेळ आली. तेव्हा आमची लेक लहान होती, पण काकाला करमेना हे तिला कळले आणि तिने संगणकावर एक नवा खेळ लावून दिला. त्यात एक मोठी नदी आहे, जंगल आहे, लढाया आहेत, आणि देशोदेशीची माणसे आपापली बाहुली घेऊन तिथे हिंडतात. खेळाच्या कंपनीने पहिल्या वर्षी थोडे दिवस बाहुल्यांसाठी एक झगा फुकट वाटला. राखाडी रंग, आणि काठाला विझत आलेल्या निखाऱ्यासारखी लाल किनार. फार कोणी घेतला नाही, कारण तो घालून ताकद वाढत नव्हती की वार अडत नव्हता. भावजींनी घेतला. मग कंपनीने जाहीर केले की हा झगा पुन्हा कधीही निघणार नाही.

आमच्या ह्यांना या प्रकाराची भारी गंमत वाटे. "स्वतःच्या अंगाला दोन शर्ट, आणि बाहुल्याला झूल!" असे म्हणून ते ताटावर बसत. पण एका रात्री जेवताना लेकीने त्या झग्याला आता काय भाव आहे ते सांगितले आणि ह्यांचा घास हातातच राहिला.

"अगं, पण कशापायी? त्यानं थंडी वाजायची थांबते का कोणाची?"

"बाबा, कामाचा नाही म्हणूनच तर! कामाचा असता तर पुढच्या वर्षी त्याच्याहून भारी काहीतरी निघालं असतं आणि हा भंगारात गेला असता. हा नुसता दिसतो. आणि लांबून दिसतो. नदीच्या पुलावर केवढी गर्दी असते, पण ती लाल किनार आली की सगळे वळून बघतात. हा पहिल्यापासूनचा माणूस, हे न सांगता कळतं."

"आणि उद्या कंपनीनं पुन्हा ढिगानं काढले तर?"

"तर काका संपले," लेक म्हणाली, आणि आम्ही तिघे हसलो.

भावजी हसले नाहीत. पाण्याचा पेला फिरवत म्हणाले, "कंपनीनं शब्द दिलाय. आता सगळं किती उरलेत त्यावर आहे."

उरले होते तीन. बाकीच्यांनी खेळ सोडला, काहींची खाती लबाडी केल्यामुळे बंद झाली. उरलेल्या तिघांत एक भावजी आणि दुसरा त्यांचा दोस्त, ज्याला खेळात सगळे घुबड म्हणत. हा एका लांबच्या गावी एकटा राहणारा निवृत्त घड्याळजी. दोघांची प्रत्यक्ष गाठ कधी पडली नाही, पण पहिल्या वर्षापासून दोघे संध्याकाळी पुलाच्या कठड्यावर आपापले झगे घालून बसत आणि गप्पा मारत. आम्हाला पुढच्या खोलीतून भावजींचे हसू ऐकू येई. घरात ते तसे कधी हसत नाहीत.

मग एके दिवशी एका दलालाचा फोन आला. खेळातल्या अशा वस्तू एकाच्या नावावरून दुसऱ्याच्या नावावर करून देणे हा त्याचा धंदा. तिसरा धनी वारला होता, आणि त्याचा पासवर्ड घरात कोणालाच ठाऊक नव्हता, म्हणजे त्याचा झगा गेल्यातच जमा. भावजींनी फोन ठेवला आणि भाकरी मोडत म्हणाले, "चला. भाव चढणार."

मी त्यांच्याकडे बघत राहिले. कोणाच्या तरी घरी रडारड चालली असेल, हे त्यांच्या मनातसुद्धा आले नव्हते. त्यांनी आणखी एक भाकरी मागून घेतली.

पुढच्या आठवड्यात कंपनीची सूचना आली: वर्षभर ज्यांनी खाते उघडले नाही, त्यांची खाती महिनाअखेर कायमची पुसली जातील, सगळ्या वस्तूंसकट. घुबडाला वर्षभर नीट दिसत नव्हते. दोन्ही डोळ्यांत काहीतरी बिघडले होते, म्हणून पुलावर येणे त्याने बंद केले होते, नुसता फोन करी. मी दुपारचा डबा घेऊन दुकानात गेले तेव्हा तसाच एक फोन चालू होता. भावजींचे हात मशीनवर, म्हणून फोन फळीवर ठेवून मोठ्या आवाजात.

"उद्या दवाखान्यात भरती होतोय रे," घुबड सांगत होता. "एकामागून एक दोन्ही डोळे कापणार. मग नुसती पट्टी. म्हणजे महिनाअखेर मी आंधळा कोंबडा. तू एकदा माझं खातं उघड आणि बंद कर, बस्स. पासवर्ड सांगतो."

"थांब थांब, इथं लोक आहेत," भावजी म्हणाले. मशीन बंद करून, हात पुसून त्यांनी फोन कानाला लावला आणि भिंतीकडे तोंड केले. लोक म्हणजे मीच. पण मला बरे वाटले. दुसऱ्याची चावी हाती आली की ते असेच वागतात. शेवटी ते म्हणाले, "झालं पाठ. अरे, काळजी कशाला करतोस? डोळे सांभाळ." मग पलीकडून काहीतरी आले आणि ते हसले. मला म्हणाले, "पट्टी सुटली की पहिला तो झगा बघायचाय म्हणे त्याला. बायको बघायची सोय नाही उरली, झगा तरी बघतो म्हणतो."

त्याच संध्याकाळी दलालाचा पुन्हा फोन. या वेळी भावजी खिडकीशी उभे राहून बराच वेळ नुसते "हं, हं" करत होते. मी कपडे वाळत घालत होते. नंतर त्यांनी आपण होऊनच सांगितले. दलाल म्हणाला होता, "साहेब, दोनातला एक असेल तर एक भाव. जगात एकच असेल तर मला भाव विचारूच नका, तुम्ही सांगाल तो. मी काही करायला सांगत नाही हं. तो दुसरा काय करतो, तेवढं बघा."

"मग तुम्ही काय सांगितलंत?"

"काय सांगणार? काहीच नाही."

तिथून पुढे घरातली हवा बदलली. भावजी दुकानातून आले की थेट संगणकापुढे बसत, पण हसू ऐकू येत नसे. दार लोटलेले असे. फटीतून दिसे ते एवढेच: पुलावर त्यांचा बाहुला उभा, लाल किनार वाऱ्याने हलते आहे, आणि भावजी खुर्चीत मांड्यांखाली दोन्ही हात दाबून बसले आहेत. थंडी नव्हती.

मी एकदा विचारले, "भावजी, त्या घुबडाचं उघडलंत का?"

"उघडायचंय."

पुन्हा विचारले. "उघडतो ना वहिनी, वेळ आहे."

रोज देवापुढे बसले की मी घरातल्या प्रत्येकाचे नाव घेते. त्या दिवसांत त्या न पाहिलेल्या माणसाचेही घेऊ लागले. नाव माहीत नाही, म्हणून "तो डोळ्यांवर पट्टी बांधलेला" असे म्हणत असे. देवाला कळले असेल. पण प्रार्थना करतानाही कान पुढच्या खोलीकडे असत, कळफलकाचा आवाज येतो का बघायला. येत नसे.

महिन्याचा शेवटचा दिवस सुट्टीचा होता. सकाळपासून भावजी खोलीत. मी दार ढकलून आतच गेले.

"एक कळ तर दाबायची आहे," मी म्हणाले. "तुम्हाला सुचत नसेल तर लेकीला सांगा."

"पासवर्ड दुसऱ्याला कसा सांगू? विश्वासानं दिलाय त्यानं."

हे ते खरोखरच बोलले. तोंडावर रेघसुद्धा हलली नाही.

"भावजी, तो माणूस आंधळ्यासारखा पडलाय तिकडे."

"वहिनी, मी काय केलंय त्याला? सांगा ना, मी काय केलंय? मी कशाला हातसुद्धा लावलेला नाही."

खरेच होते ते. हात अजून मांड्यांखालीच होते. ह्यांना बोलावले तर हे म्हणाले, "बाहुल्यांच्या कपड्यांवरून तुम्ही दीर-भावजय भांडता? लोक हसतील." संध्याकाळ झाली. दिवा लावून मी बराच वेळ बसून राहिले. पुढच्या खोलीतून एक कळ दाबल्याचा आवाज ऐकायला मिळावा, एवढेच मागत होते. दुसऱ्या दिवशी सकाळी भावजी नेहमीसारखे दाढी करून दुकानात गेले. जगात आता तो झगा एकच होता.

पट्टी सुटल्यावर घुबडाचा फोन आला तेव्हा मी डबा द्यायला गेलेली. फोन फळीवर वाजत होता आणि भावजी कानस चालवत होते, जणू शेजारच्या दुकानात वाजतो आहे. बाहेर उभे असलेले गिऱ्हाईक म्हणाले, "अहो, घ्या की." मीच हिरवे बटण दाबले.

"दिसतंय रे!" घुबड ओरडला. "दाराची कडी दिसते, तिच्यावरचा गंज दिसतो! पण माझं खातं नाही दिसत. काय झालं?"

भावजींनी कानस खाली ठेवली. "पासवर्ड चालला नाही."

"नाही चालला? मग माझीच चूक. डोळ्यांबरोबर डोकंही गेलं म्हणायचं. जाऊ दे. तुझा तरी राहिलाय, तोच बघीन. पण ऐक, आता तो एकटाच आहे. माणसाचं काय सांगावं? उद्या तुला काही झालं तर? तुझा पासवर्ड मला देऊन ठेव. मी रोज उघडत जाईन. मला आता काम काय दुसरं?"

भावजी काही बोलले नाहीत. नुसते ओठ हलले. गिऱ्हाईक एकदा त्यांच्याकडे, एकदा माझ्याकडे बघू लागले.

"दोस्ता?" घुबड म्हणाला. पुन्हा काही नाही. तो माणूस कितीतरी दिवस डोळे बांधून नुसता ऐकत पडला होता. गप्प राहणे कसले असते ते त्याला बरोबर ऐकू आले असावे. "बरं," तो अगदी हळू म्हणाला. "बरं बरं." आणि फोन बंद झाला. पुन्हा आला नाही.

झगा अजून विकलेला नाही. दलाल रोज वाढवून सांगतो, आणि भावजी म्हणतात उद्या आणखी वाढेल. संध्याकाळी ते पुलावर एकटे उभे राहतात. हल्ली अनोळखी माणसे त्यांच्याजवळ येऊन विचारतात, तब्येत बरी आहे ना, झोप लागते ना. मला वाटले, चांगली माणसे दिसतात. लेक म्हणाली, "आई, दुसऱ्या वर्षी एक निळा झगा निघाला होता. ते सगळे निळेवाले आहेत. काकांचा गेला की त्यांचा सगळ्यात जुना."

काल जेवताना भावजींनी घसा खाकरला. दोनदा नाही, चार-पाच वेळा. मग विचारले, "वहिनी, मी कधी आजारी पडलो तर माझं खातं कोण उघडेल?"

"एकानं विचारलं होतं तुम्हाला," मी म्हणाले.

ते ताटावरून उठले. हात धुतले आणि खोलीत जाऊन दार आतून लावून घेतले.