भैरवीला रडू द्यायचं

महाल वस्तीतले देवाजी सोनकुसरे गल्लीत ओळखले जातात ते साडीला फॉल लावणारे म्हणून. बाप-आजे विणकर होते. उमेदीत देवाजीही मागावर बसले, पण पुढं माग विकून त्यांनी शिलाई मशीन घेतली. स्वभाव महातापट. गिऱ्हाइकानं "जरा लवकर द्या" म्हटलं की साडी तशीच परत. असा हा माणूस नातीपुढं मात्र मेणाहून मऊ व्हायचा.

नात भैरवी जन्मली तीच निळसर. हृदयाला छिद्र होतं, शिवाय फुफ्फुसाकडं जाणारी नळी अरुंद. रडली की ओठ जांभळे पडायचे. डॉक्टरांनी घरच्यांना बजावलं होतं, "ऑपरेशन होईपर्यंत हिला शक्यतो रडू देऊ नका. निळी पडलीच तर गुडघे छातीशी दाबून धरा आणि तसंच इकडं घेऊन या." मुलगा धर्मेंद्र ट्रकवर, सून दीपमाला कळमेश्वरला कंपनीत कामाला, आणि देवाजींची बायको वारलेली. तेव्हा हे काम आपसूक देवाजींच्या गळ्यात पडलं, आणि त्यांनी ते इतकं मनावर घेतलं की विचारता सोय नाही. पोरीनं ओठ काढायच्या आत दूध तोंडाशी. नजर खुळखुळ्याकडं वळली की खुळखुळा हातात. मशीन चालायची तेव्हाही भैरवी त्यांच्या मांडीवरच असायची.

ऑपरेशन झालं आणि चांगलं झालं. ओठ गुलाबी दिसू लागले. आता रडली तरी चालेल, असं डॉक्टर म्हणाले. देवाजींनी मान डोलावली आणि घरी येऊन जुनंच चालू ठेवलं. डॉक्टरांचं काय जातं बोलायला! निळं पडलेलं ते तोंड रात्रंदिवस यांनी पाहिलं होतं.

भैरवी दीड वर्षाची झाली. तिच्या वयाची शेजारची पोरं गल्लीभर दुडदुडत होती, आईला हाका मारत होती. भैरवी बसायची, गोड हसायची, आणि संपलं. ना शब्द, ना पाऊल.

"लय गुणाची पोट्टी हाय," देवाजी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे. "तिची कायचीच कटकट नाही." दीपमालेला मात्र ते पटायचं नाही. शेवटी रजा टाकून ती लेकीला आणि सासऱ्यांना घेऊन बालविकासाच्या तपासणीला गेली.

तिथल्या नंदिनी डॉक्टरांनी भैरवीपासून जरा लांब चेंडू ठेवला. देवाजींनी तो लगेच उचलून तिच्या हातात दिला. डॉक्टरांनी पुन्हा ठेवला, देवाजींनी पुन्हा दिला.

"आजोबा," डॉक्टर हसून म्हणाल्या, "तुम्ही हात मागं बांधून बसता का?"

मग त्यांनी नीट समजावलं. अशा बाळांच्या मेंदूला पोटात असतानाच प्राणवायू कमी पडू शकतो. म्हणून दिवस भरून जन्मली तरी काहींचा मेंदू दिवस भरायच्या आधी जन्मलेल्या बाळासारखा कच्चा असतो. हृदय दुरुस्त झालं म्हणून ती कसर आपोआप भरून निघत नाही. त्याला सराव लागतो.

देवाजींचा चेहरा उतरला. "मंग माह्यामुळं मागं राहिली काय पोट्टी?"

"नाही, मूळ कारण तुम्ही नाही. पण तिला मागायची गरजच पडत नाही, तर ती शिकणार कधी? किती भरून निघेल ते मी आज सांगू शकत नाही. सुरुवात मात्र आत्ताच करायला हवी."

जिवापाड केलं तेच पोरीच्या आड आलं, हे देवाजींना फार लागलं होतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी सतरंजी अंथरली, भैरवीला खाली ठेवलं, पलीकडं बिस्कीट ठेवलं आणि स्वतः भिंतीला टेकून बसले. भैरवीनं बिस्किटाकडं पाहिलं, मग आजोबांकडं. आजोबा छताकडं बघू लागले. तिला हे नवीनच होतं. तिनं भोकाड पसरलं.

"उचलू नका, मामाजी," दीपमाला दारातून सासऱ्यांना म्हणाली. तिचाही जीव वरखाली होत होता.

"उचलून कुठं राहिलो वं?" देवाजी खेकसले. त्यांची नजर आता पोरीच्या ओठांवरून हलत नव्हती. "लाल हाय... अजून लालच हाय..." ते पुटपुटत होते आणि त्यांच्याच डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. भैरवी टाहो फोडत होती आणि ओठ काही निळे पडत नव्हते.

रडता रडता भैरवी बुडावर घसरत पुढं सरकली. बिस्किटाकडं नाही, थेट आजोबांकडं. गुडघ्याशी आली आणि तिनं त्यांच्या मांडीवर फाडकन चापट मारली. मग त्यांचं बोट धरलं आणि बिस्किटाच्या दिशेनं सगळी ताकद लावून ओढलं.

देवाजी सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असे ओरडले, "दीपमाला! मारलं वं मले! पाह्यलं का? मागून राहिली पोट्टी, मागून राहिली!"