साळवेकाकांची सकाळ

भाईंदरला नवघरच्या एका जुन्या इमारतीत मी राहायला गेले, त्याच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी समोरच्या दारामागून एका माणसाचा खणखणीत आवाज ऐकू आला. कोणीतरी कोणाला काही समजावून सांगावं, तसा. मला वाटलं, पाहुणे असतील. दुधाची पिशवी घ्यायला दार उघडलं, तेव्हा ते गृहस्थही दारात आले. धुतलेला पांढरा शर्ट, नीट पाडलेला भांग. त्यांच्यामागे खोलीत कोणीच नव्हतं.

"कोणाशी बोलत होतात?" मी विचारलं.

"बोलत नव्हतो. शास्त्र वाचत होतो, बायबल. मनातल्या मनात वाचलं की मन पळून जातं. मोठ्याने वाचलं की त्याला बसावं लागतं."

हे रत्नाकर साळवे. मूळचे जालन्याकडचे मराठी ख्रिस्ती, दहिसरच्या एका कारखान्यातून स्टोअरकीपर म्हणून निवृत्त झालेले. पत्नी वारलेली. मीही आई गेल्यावर परळची भाड्याची खोली सोडून एकटीच इथे आले होते. आम्ही बौद्ध, पण मराठवाड्यातलेच. हे कळल्यावर म्हणाले, "म्हणजे गाववालीच की तू!" तेव्हापासून मी त्यांना काका म्हणू लागले.

त्यांची सकाळ ठरलेली. अंघोळ, खिडकीजवळची खुर्ची, एक अध्याय, मग प्रार्थना. प्रार्थनेत साऱ्या इमारतीची विचारपूस असायची. वॉचमनचा गुडघा, खालच्या जिग्नाबेनच्या मुलीची परीक्षा, माझी नोकरी. हे सगळं समोरच्या दारामागून मला ऐकू यायचं. जिग्नाबेन कधीतरी जिन्यात म्हणायच्या, "अंकल, सुबह-सुबह थोडा धीरे पढ़ो ना." काका "सॉरी बेन" म्हणायचे, खिडकी लावून घ्यायचे, आणि दोन ओळींत आवाज पुन्हा होता तिथे.

"काका, रोज मन लागतं?" मी एकदा विचारलं.

"कुठलं गं! बरेचदा डोक्यात गॅस संपत आलाय, हेच असतं. पण आपण काय रोज भूक लागली म्हणून जेवतो? वेळ झाली की पानावर बसतो. दोन घास पोटात गेले की कळतं, भूक होती."

प्रार्थनेत शेवटचं नाव योहानचं. हा त्यांचा एकुलता मुलगा, नोकरीसाठी मस्कतला गेलेला. आईच्या शेवटच्या आजारात तो आला नाही. काका फोनवर त्याला नको ते बोलले, त्यानेही उलट उत्तर दिलं, आणि बोलणं तुटलं ते तुटलंच. "प्रभू, योहानला सांभाळ. त्याला फोन करायची बुद्धी दे," एवढं म्हणून ते हळूच पुढे म्हणायचे, "नाहीतर मला दे."

"तुम्हीच करा ना फोन," मी म्हणायचे.

"करीन, करीन."

ते राहूनच गेलं. एका दुपारी योहानच्या मित्राचा फोन आला. कामावर असतानाच योहानचं हृदय बंद पडलं होतं. सुनेने तिकडेच माती दिली. चर्चच्या मंडळीतले लोक आले, गायले, काकांसाठी डबे ठेवून गेले. नंतर समोरचं दार बंद झालं आणि सकाळी काही ऐकू येईना.

एके दिवशी जिग्नाबेनच वर आल्या. "अंकल ठीक है ना? आवाज़ नहीं आ रही. अच्छा नहीं लग रहा मुझे."

मी बेल वाजवली. बऱ्याच वेळाने दार उघडलं. दाढी वाढलेली, अंगात चुरगळलेला बनियन. खिडकीजवळच्या खुर्चीवर न धुतलेल्या कपड्यांचा ढीग.

"काका, वाचत नाही हल्ली?"

"कशाला? इतकी वर्षं एकच गोष्ट मागितली. तीही दिली नाही त्याने. आता मी नाही बोलणार त्याच्याशी."

मी चहा टाकला. त्यांनी कप हातात घेतला. मग खाली बघत म्हणाले, "योहानशीपण असंच केलं मी. बोलणं टाकणं मला फार चांगलं जमतं, सुजाता." कप खाली ठेवला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून रडू लागले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आवाज आला, पण वाचनाचा नाही. काका ओरडत होते. "का नेलंस त्याला? माझा फोन होईपर्यंत थांबता नाही आलं तुला?" खालून कोणी धीरे म्हटलं नाही. नंतर ते दार उघडून बाहेर आले, दाढी केलेली, डोळे सुजलेले.

"आज वाचलं नाही," ते म्हणाले. "भांडलो. पण खुर्चीवर बसून भांडलो."

कितीतरी दिवस ते नुसते भांडतच होते. मग कधीतरी अध्याय सुरू झाला. आवाज मात्र पूर्वीसारखा खणखणीत राहिला नाही.

पुढे इमारत पुनर्विकासाला गेली आणि सगळे पांगले. मी जवळच बेव्हर्ली पार्कला भाड्याने घर घेतलं, काका जालन्याला पुतण्याकडे निघाले. संध्याकाळी हायवेवरच्या वरसावे नाक्यावर त्यांना बसमध्ये बसवायला मी गेले होते. "तिकडे करमेल का?" मी विचारलं.

"नाही करमायचं. पण सकाळ तिकडेही होत असेल ना? देव काय फक्त भाईंदरला राहतो?"

वर्षभराने पुतण्याचा फोन आला. मी जालन्याला गेले. दफनभूमीत सगळी अनोळखी माणसं. ती मला न येणारी गाणी गात होती. पाळकसाहेब म्हणाले, "बंधू साळवे यांच्या विश्वासाला आयुष्यात कधी तडा गेला नाही." सगळ्यांनी माना हलवल्या.

तडा गेला होता. मी तो पाहिला होता. आणि तडा गेलेला तो माणूस कपड्यांचा ढीग बाजूला सारून पुन्हा त्याच खुर्चीत बसला, तेही मला ठाऊक होतं. काकांबद्दल सांगण्यासारखं खरं हेच होतं. पण ते सांगावं असं तिथे माझ्या ओळखीचं कोणी नव्हतं. मी मूठभर माती टाकली आणि परतीच्या बसची चौकशी करायला निघाले.