डोर्शच्या तळघरातलं गाव

वरच्या गावातल्या लोकांना माइन नदी बाल्कनीतून दिसते. आमच्या कोळीआळीत ती तळघरात येते. आळीत आता कोळी औषधालाही उरलेला नाही. लाकडी पट्ट्यांच्या भिंतींची जुनी घरं आहेत, माझं केस कापायचं दुकान आहे, कोपऱ्यावर बेकरी होती ती बंद पडली. ऑगस्टात वाइनची जत्रा भरली की वरची मंडळी खाली येऊन आमच्या दारांचे फोटो काढतात. काढा बापडे. जानेवारीत बर्फ वितळायला लागलं की यातलं काळं कुत्रं इकडे फिरकत नाही.

मी रोझवीटा होक. माझ्या दुकानाला लागून आल्विन डोर्शचं घर, मधली भिंत दोघांची एकच. आल्विन बॉल-बेअरिंगच्या कारखान्यात लेथवर होता. कारखान्याने काम बाहेरदेशी हलवलं तेव्हा त्याला वेळेआधीच घरी बसवलं. पण आमच्या लिंडेनफुर्ट गावात त्याला लेथवाला म्हणून कोण ओळखत होतं? तो आगीच्या बंबावरचा माणूस. आमच्याकडे या कामाला पगारी माणसं नाहीत. भोंगा वाजला की शिक्षक, खाटीक, लेथवाला, सगळे हातातलं टाकून पळतात.

पुराच्या वेळी आल्विन आळीभर दारं ठोठावत फिरायचा आणि सांगायचा, तळघर आपल्या हाताने पाण्याने भरा. नवीन बिऱ्हाडांना वाटायचं, याचं डोकं फिरलंय. नदी दाराशी आलीय आणि हा म्हणतो नळ सोडा. मग आल्विनच्या तोंडाचा पट्टा सुरू. "खालून पाणी तुमची फरशी वर ढकलतंय, बाहेरून भिंत आत ढकलतंय. आतून उलट रेटायला कोणी नको? पंप लावून कोरडं ठेवाल तर घर अंगावर घ्याल. आणि नळाचंच भरा. नदी स्वतः आली तर अख्ख्या गावाची घाण सोबत आणेल."

म्हाताऱ्या त्सोलरबाई एकदा आपल्या अलुबुखारच्या मुरंब्याच्या बरण्यांसाठी रडायला लागल्या. याने ढिम्म विचारलं, "मुरंबा पुढल्या वर्षी होईल बाई, घर होईल का?" आणि स्वतः नळ सोडला. पूर ओसरल्यावर त्यांचं तळघर धुवायलाही तोच गेला, ते सोडा. पण तोंड असं फटकळ की चांगलं केलेलंही लोकांच्या लक्षात राहायचं नाही.

त्याला एकच मुलगा, टिल. बोटं कायम कोळशाने काळी. एका उन्हाळ्यात त्याने तळघराच्या चुन्याच्या भिंतीवर कोळशाने सगळं गाव काढलं. अगदी खाली नदी, तिच्यात खडी वाहणाऱ्या बोटी, वर जुना पूल, मग आमची आळी, बाजार, चर्च आणि छताशी वरच्या गावातल्या चौकोनी इमारती. गावातली माणसंसुद्धा ओळखू यायची. माझ्या दुकानाच्या खिडकीत मी, कात्री हातात, तोंड उघडं.

"तोंड का उघडं काढलंस रे?" मी विचारलं.

"मिटलेलं कधी पाहिलं नाही, होकबाई," कार्टं म्हणालं.

त्याच ऑगस्टात, जत्रेच्या दिवशी, टिल मित्रांबरोबर बंधाऱ्याशी पोहायला उतरला. बंधाऱ्याखालचा भोवरा माणसाला सोडत नाही, हे इथल्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं. तरी उतरतात. भोंगा वाजला, आल्विन नेहमीसारखा धावला, नेहमीसारखा बोटीत बसला. कोणाला शोधायचंय हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं. वर ओढलं ते त्यानेच. मी किनाऱ्यावर होते. त्याने पोराच्या तोंडावरचे केस बाजूला केले, आणि पुढचं मला सांगवत नाही.

त्यानंतर त्याने बंबावरचं काम सोडलं. संध्याकाळी तळघरात खुर्ची टाकून भिंतीसमोर बसायचा. त्याची बायको गेर्लिंडे मात्र त्या पायऱ्या पुन्हा कधीच उतरली नाही. चित्र अर्धं असताना तिने एकदा पाहिलं होतं, पुरं झालेलं कधीच नाही. टिल गेल्यावर मोठा पूर आला नाही, म्हणून इतकी वर्षं चित्र निभावलं.

गेल्या जानेवारीत डोंगरावरचं बर्फ वितळलं आणि त्यावर पाऊस. रविवारी जेवणं होतात न होतात तोच भोंगा. सगळ्या आळीने तळघरात नळ्या सोडल्या, मीही सोडली. आणि भिंतीपलीकडून मला पंपाचा आवाज आला. आल्विन डोर्श पाणी बाहेर उपसत होता. मला आधी खरंच वाटेना.

मी तशीच ओल्या पायांनी गेले. गेर्लिंडे स्वयंपाकघरात बसलेली, चेहरा पांढराफटक.

"माझं ऐकत नाही गं. तू सांगून बघ."

"तू आधी ऊठ आणि वर बहिणीकडे जा."

"त्याला टाकून? मी नाही जायची."

खाली दोन पंप धडधडत होते. आल्विन झाडूने उरलंसुरलं पाणी पंपाकडे लोटत होता. फरशी मधोमध भट्टीतल्या पावासारखी फुगून वर आली होती.

"आल्विन, पंप बंद कर."

"तू तुझ्या दुकानात जा."

"दुकान तुझ्याच भिंतीला टेकलंय, गाढवा."

"भिंतीला काही होत नाही."

"हे तू सांगतोस? मला?"

तो थांबला. झाडूने भिंतीवरच्या चित्राकडे दाखवत म्हणाला, "रोझवीटा, नदीने माझं पोर घेतलं. हे नाही मी तिला देणार." मला इतका संताप आला होता, पण त्याच्याकडे बघून रडूच कोसळलं.

तेवढ्यात एगोन उतरला. बंबावर आता तो प्रमुख आहे, आल्विनच्याच हाताखाली शिकलेला. "रस्त्याकडच्या भिंतीला चीर गेलीय," तो म्हणाला. "तुला उचलून नेता येईल मला. पण गेर्लिंडे तुझ्याशिवाय हलत नाहीये, आणि ती बसलीय बरोब्बर याच्या वर."

"मला शिकवू नकोस, हे मीच तुला शिकवलंय."

"मग?"

फरशी कडकन वाजली आणि सांध्यातून तपकिरी पाणी वर यायला लागलं. आल्विनने त्यावर पाय दाबून धरला. एका पायाने नदी दाबत होता तो. मला त्याची दया आली आणि भीतीही वाटली.

मग पायऱ्यांवर गेर्लिंडे दिसली. हातात बागेतली नळी. एकेक पायरी भिंतीला धरून उतरली, त्याच्या शेजारी उभी राहिली.

"ती आत आलीच आहे, आल्विन," ती म्हणाली. "रात्रीपर्यंत हे पुसून टाकेल. तिच्या हाताने नको. आपण धुऊ. लहान होता तेव्हा आपणच न्हाऊ घालायचो ना त्याला."

आल्विनने पाय उचलला. जाऊन एक पंप बंद केला, मग दुसरा. तिच्या हातातली नळी घेतली आणि एगोनला म्हणाला, "वर जा, वीज तोड आणि नळ सोड."

घर वाचलं, ते आत्ताच सांगून टाकते. फरशी गेली, भिंतीला अजून टेकू आहेत, पण माझं दुकान आणि त्यांचं घर दोन्ही उभी आहेत. त्या दुपारी मात्र त्याचा विचार कोणाच्याही मनात नव्हता. आम्ही पायऱ्यांवर बसलो, एगोनने दिलेला टॉर्च माझ्या हातात. आल्विनने नळी शेवटपर्यंत सोडली नाही. पाणी चढत गेलं. टिलने काढलेली नदी आधी बुडाली, मग बोटी, मग पूल. कोळसा सुटून पाण्यावर काळी साय धरायला लागली. आमची आळी गेली. आम्ही एकेक पायरी वर सरकत होतो.

गेर्लिंडे डोळे बारीक करून भिंतीकडे बघत होती. "आपण आहोत का रे यात?"

"आहोत ना. बाजारात. कोबीच्या गाड्याशी."

"मला नीट दिसत नाहीये. चष्मा वर राहिला."

मी उठायला लागले, तर आल्विनने माझा हात धरून खाली बसवलं. पाणी गाड्याच्या चाकांना लागलं होतं.

"मी सांगतो," तो म्हणाला. "तू तो लांब कोट घातलायस, बटणं तुटलेला. हातात पिशवी. भाजीवाल्याशी भांडतेयस."

"मी कुठे भांडते?"

"त्याने तसं काढलंय. मी मागे उभा आहे, छत्री धरून."

"छत्री कोणावर धरलीयस?"

आल्विन जरा पुढे वाकला. मी टॉर्च गाड्यावर धरला.

"गेलं," तो म्हणाला. "तुझ्यावर. तुझ्यावरच धरली होती."